कॅमेऱ्याला गप्प राहता येत नाही

येशूच्या जीवनावरचे चित्रपट आणि मालिका मी अनेक वर्षं पाहते आहे, आणि दाखवतेही आहे. आमच्या वसईच्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाच्या वर्गाला प्रायश्चित्तकाळात एखादा तरी येशूपट दाखवायची पद्धत पडून गेली होती. आधी व्हीसीआर होता, मग सीडी आल्या. आता मुलं मोबाइलवर स्वतःच बघून येतात आणि वर्गात विचारतात, "टीचर, हे खरंच असं झालं होतं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून मी चित्रपट आणि चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावून घेतली, मुलांनाही लावली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. भर घातली, ही तक्रार पुरेशी नाही.

शुभवर्तमानं फार कमी बोलतात. येशू उंच होता की ठेंगणा, सावळा की गोरा, याबद्दल चौघांपैकी एकानेही ओळ लिहिलेली नाही. बाराव्या वर्षी तो मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला सापडतो आणि त्यानंतर एकदम साधारण तिशीत यार्देनेच्या काठी दिसतो. मधली वर्षं लूकने दोन-तीन वाक्यांत उरकली. लिहिणाऱ्याला असं सोडून देता येतं, पण दिग्दर्शकाला नट निवडावाच लागतो, त्याला कपडे द्यावे लागतात, घराला दार आणि दाराबाहेर रस्ता लागतो. कॅमेऱ्याला गप्प राहता येत नाही. म्हणजे प्रत्येक येशूपटात भर असणारच. जो म्हणतो आम्ही काहीच घातलं नाही, त्याच्याकडे मी जास्त बारकाईने बघते.

मग प्रामाणिकपणा तपासायचा कसा? मी एकच कसोटी लावते. शुभवर्तमानात ज्या गोष्टीला जितकं वजन आहे, तितकंच वजन तिला पडद्यावर मिळालं आहे का? तपशील चुकले तरी वजन बरोबर असू शकतं, आणि तपशील सगळे बरोबर असूनही वजन साफ चुकू शकतं.

२. चेहऱ्याची सवय लागते, आणि ती सुटत नाही.

१९६१ च्या 'किंग ऑफ किंग्ज'मध्ये जेफ्री हंटर हा अमेरिकन नट येशू झाला, १९६५ च्या 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'मध्ये स्वीडनचा मॅक्स फॉन सिडो, आणि १९७७ च्या 'जीझस ऑफ नाझरेथ'मध्ये इंग्लंडचा रॉबर्ट पॉवेल. पॉवेलचे ते निळे, क्वचितच मिटणारे डोळे जगभर इतके ठसले की त्या मालिकेतली छायाचित्रं लोकांनी देवघरात लावली. मुलांना येशूचं चित्र काढायला सांगितलं की ती आजही तोच लांबट, गोरा चेहरा काढतात.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून काम केलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली आणि बायबलची माणसं आपल्या मातीत आणली. त्यावर त्या काळी काही ख्रिस्ती मंडळींनी नाकं मुरडली. पण फोन्सेकांचं चित्र बघून 'हे असंच घडलं' असं कुणी समजत नाही. हे आपल्या भक्तीचं रूप आहे, हे चित्रच सांगतं. चित्रपट तसं सांगत नाही. तो खरी धूळ, खरा घाम आणि खरा घोडा दाखवून त्यांच्या मधोमध निळ्या डोळ्यांचा गालीलकर उभा करतो, आणि आपण तो खरा मानतो. 'द चोझन' या मालिकेतला जोनाथन रूमी वडिलांकडून इजिप्तचा आणि आईकडून आयरिश आहे. त्याच्यामुळे निदान हा चेहरा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे सरकला. मला ते महत्त्वाचं वाटतं. गालीलमधल्या एका ज्यू कारागिराला ओळखायची सुरुवात त्याला त्याच्या माणसांत उभं करण्यापासून होते.

३. बऱ्याच येशूपटांचा पहिला आधार पुस्तक नसून चित्रं असतात.

फ्रान्समध्ये १९०६ साली अॅलिस गी या बाईंनी ख्रिस्तजीवनाचे पंचवीस प्रवेश चित्रित केले. त्यांची मांडणी जेम्स तिसो या चित्रकाराच्या बायबल-चित्रांवरून घेतलेली होती. तेव्हापासून हेच चालू आहे. शेवटचं भोजन बघा. लांब टेबल, एकाच बाजूला बसलेले तेरा जण, मधोमध येशू: ही रचना लिओनार्दोची आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रिय शिष्य येशूच्या उराशी रेलतो. त्या काळच्या मेजवानीप्रमाणे मंडळी जमिनीलगतच्या बैठकांवर एका कुशीवर पहुडलेली होती, हे धरलं तरच तो प्रसंग जुळतो. खुर्चीवर बसवलं की ती जवळीक अवघडून जाते.

चित्रांची ताकद आपल्याकडेही कळली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास गिरगावात ख्रिस्तजीवनावरचा मूकपट पाहिला. तो बघताना आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या अनुभवातून निघाला. आपल्या सिनेमाच्या जन्माशी एक येशूपट असा जोडलेला आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

४. चार शुभवर्तमानं एकत्र शिवली की पाचवं तयार होतं.

क्रूसावरून येशू काय बोलला? गुड फ्रायडेच्या प्रवचनांमुळे 'सात उद्गार' आपल्या तोंडी बसले आहेत. पण कुठल्याही एका शुभवर्तमानात सात नाहीत. मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच आहे, देवाने आपल्याला का सोडलं असा टाहो. लूककडे तीन आहेत, क्षमेचे आणि विश्वासाने स्वतःला पित्याच्या हाती सोपवण्याचे. योहानाकडे आणखी तीन, आणि तिथला येशू शेवटपर्यंत सगळ्याचा धनी आहे, आईची सोयसुद्धा तोच लावतो. ही तीन वेगवेगळी मरणं आहेत. चित्रपट सातही उद्गार ओळीने घेतो आणि मार्कचा तो भयंकर एकाकी येशू पुढच्या दोन मिनिटांत शांत होऊन जातो.

मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावण्याचंही तसंच. योहान तो प्रसंग अगदी सुरुवातीला, दुसऱ्या अध्यायात सांगतो. बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात. पटकथाकार बहुधा शेवटचा आठवडा निवडतो, कारण तिथून अटकेकडे सरळ जाता येतं.

ही शिवणकामाची ओढ जुनी आहे. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या लेखकाने चौघांची मिळून एक सलग कथा केली होती आणि सीरियातल्या मंडळ्यांनी ती कितीतरी पिढ्या वापरली. शेवटी चर्चने चार वेगळी पुस्तकंच ठेवली, त्यांच्यातल्या विसंगतींसकट. मला या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो. म्हणूनच जे चित्रपट एकच शुभवर्तमान धरून चालतात त्यांच्याकडे माझा ओढा आहे. १९७९ चा 'जीझस' लूकवर आधारलेला आहे. मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत त्याचं ध्वनिमुद्रण झालं आणि खेड्यापाड्यांत पांढऱ्या कापडावर तो दाखवला गेला. चित्रपट म्हणून तो सपाट आहे, पण त्यातला येशू लूकचाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

५. मातेरा गावात दोन येशूपट झाले. दोन्ही बघा.

दक्षिण इटलीत मातेरा नावाचं गाव आहे, खडकात कोरलेल्या घरांचं. तिथे पिएर पाओलो पासोलिनीने १९६४ चा 'मत्तयलिखित शुभवर्तमान' चित्रित केला आणि मेल गिब्सनने २००४ चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'. दगड तेच, आणि येशू मात्र दोन टोकांचे.

गिब्सनच्या चित्रपटात माणसं अरामी आणि लॅटिन बोलतात. यामुळे पुष्कळांना वाटलं की हा सगळ्यात अस्सल येशूपट. प्रत्यक्षात त्या भागात रोमी अंमलदार स्थानिकांशी बोलायला बहुधा ग्रीक वापरत, आणि चित्रपटात ग्रीक जवळजवळ नाहीच. पण भाषा सोडून द्या. फटक्यांचा प्रसंग घ्या. मत्तय आणि मार्क तो अर्ध्या वाक्यात सांगतात, योहान एका छोट्या वाक्यात. लूक तर फटके प्रत्यक्ष मारल्याचं लिहितच नाही. फटके मारून सोडून देतो असं रोमी सुभेदार पिलात म्हणतो, तेवढंच. पडद्यावर मात्र हेच दृश्य संपता संपत नाही. मांस सोलून निघतं, हत्यारं बदलतात, मोजणी चालू राहते. जिथे चौघांनीही नजर खाली घातली, तिथे कॅमेरा डोळे फाडून उभा आहे.

यातलं बरंचसं जर्मन संन्यासिनी आन कॅथरिन एमरिक (१७७४–१८२४) यांच्या दर्शनांवरून आलं आहे. त्यांची दर्शनं कवी क्लेमेन्स ब्रेन्टानो याने लिहून काढली. पिलाताची बायको मरियेला स्वच्छ कापड आणून देते आणि मरीया त्याने फरशीवरचं रक्त टिपते, हे तिथलं आहे. शुभवर्तमानात ते नाही. शिवाय येशूचं वारंवार पडणं, व्हेरोनिकाने चेहरा पुसणं, वाटेत आईची भेट, हे आपल्या 'क्रूसाच्या वाटे'तलं आहे.

आमच्याकडे वयस्क मंडळी हा चित्रपट बघून ढसाढसा रडली. ती भक्ती खरी होती आणि मी तिला हात लावणार नाही. क्रूसाची वाट करत वाढलेल्या माणसाला गिब्सनने त्याचीच प्रार्थना दाखवली. त्या प्रार्थनेशी तो चित्रपट प्रामाणिक आहे. शुभवर्तमानाशी मात्र नाही, कारण त्यात येशू कशासाठी जगला हे पुसटशा आठवणींपुरतं उरलं आणि तो कसा मारला गेला याने सगळी जागा व्यापली.

पासोलिनी मार्क्सवादी होता, श्रद्धाळू नव्हता. १९६२ मध्ये पोप योहान तेविसावे असिसीला आले तेव्हा तो तिथे होता. गर्दीमुळे बाहेर पडता येईना, म्हणून खोलीतलं शुभवर्तमान त्याने एका बैठकीत वाचून काढलं. पुढे तो जागा शोधायला पॅलेस्टाइनला गेला. ती भूमी त्याला फार आधुनिक वाटली, म्हणून त्याने इटलीचा गरीब दक्षिण भाग निवडला. येशूच्या भूमिकेत घेतला एकोणीस वर्षांचा कातालान विद्यार्थी एनरिके इराझोकी, म्हाताऱ्या मरियेच्या भूमिकेत स्वतःची आई. संवाद मत्तयचेच. भूगोल चुकीचा, पोशाख युरोपीय चित्रकारांकडून उचललेले, संगीतात बाख आणि आफ्रिकेतली मिस्सा एकत्र. आणि तरीही वजन बरोबर! मत्तयमध्ये डोंगरावरचं प्रवचन तीन अध्यायांचं आहे. पासोलिनी कॅमेरा येशूच्या तोंडासमोर ठेवतो आणि त्याला बोलू देतो. पाठीमागचा प्रकाश बदलतो, वारा सुटतो, शब्द चालू राहतात.

मोठ्या मुलांच्या वर्गाला मी तो दाखवला तेव्हा पहिला अर्धा तास चुळबूळ होती. काळापांढरा, खाली अक्षरं. मग एका मुलाने विचारलं, "हा येशू एवढा रागावलेला का आहे?" आम्ही चित्रपट थांबवून मत्तयचा तेविसावा अध्याय उघडला. शास्त्री आणि परूशी यांच्यावरचे ते सात धिक्कार मुलांनी वाचले. कॅलेंडरवरच्या येशूला हा राग कधी आलाच नव्हता.

६. पिलाताचा चेहरा सौम्य झाला की दोष कुठे जातो, ते बघा.

हा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे. पडद्यावरचा पिलात बहुतेक वेळा विचारी, थकलेला, मनातून येशूच्या बाजूचा असा अधिकारी असतो. शुभवर्तमानांतही तो कचरतो, हे खरं. पण इतिहास आणखी काही सांगतो. कैसरियात १९६१ साली सापडलेल्या शिलालेखावर ज्याचं नाव आहे तो हा माणूस. इतिहासकार योसेफस लिहितो, की त्याने मंदिराच्या खजिन्यातून पाण्याच्या नळासाठी पैसे काढले आणि विरोध करणाऱ्यांना सैनिकांकरवी ठार केलं. शोमरोनी यात्रेकरूंची कत्तल केल्यावर इसवी सन ३६ च्या सुमारास त्याला परत बोलावलं गेलं. आणि लूकच्या तेराव्या अध्यायाचं पहिलंच वचन उघडा: पिलाताने गालीलकरांचं रक्त त्यांच्या यज्ञबळींच्या रक्तात मिसळल्याची बातमी लोक येशूला सांगतात. हे वचन मी कुठल्याही गाजलेल्या येशूपटात नीट उभं केलेलं पाहिलेलं नाही.

पिलात सज्जन झाला की क्रौर्याला दुसरा धनी लागतो. मग जमाव आणि याजक काळेकुट्ट रंगवले जातात. जुन्या चित्रपटांत येशू आणि शिष्य युरोपीय दिसतात, आणि त्यांचे विरोधक तेवढे ज्यू. दोष ज्यूंवर टाकायच्या या सवयीने युरोपात शतकानुशतकं माणसं मेली आहेत. रक्ताचा दोष आमच्यावर असो, हे मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं जमावाचं वाक्य गिब्सनने खालच्या अक्षरांतून काढलं, पण अरामी आवाजात ते तसंच राहिलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट केलं होतं, की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. गिब्सनचा चित्रपट आला तेव्हा त्याला जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

वर्गात कुणी "ज्यूंनी मारलं ना?" असं म्हणालं, की मी उलट विचारते, "येशू कोण होता? मरीया? पेत्र?" मग आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांविषयी सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. येशू जो शब्बाथ पाळत वाढला, तोच अलिबागच्या आसपासच्या घरांतून पाळला जात होता. हे कळल्यावर मुलांचा चित्रपटाकडे बघायचा रोख बदलतो.

'द चोझन'ने इथे मोठं काम केलं आहे. पहिल्याच पर्वात शब्बाथचं जेवण आहे: दिवे, भाकर, हिब्रू आशीर्वाद, आणि येशू पाहुणा म्हणून मुकाट बसलेला. निकदेम या परूशाला त्यांनी पोकळ खलनायक केलं नाही. शोध घेणारा, घाबरणारा विद्वान केला. ती भूमिका एरिक अवारी या नटाने केली आहे, जो दार्जिलिंगच्या पारशी कुटुंबातला आहे. हेरोद तुला मारायला बघतोय, इथून निघ, असं येशूला सांगणारेही परूशीच होते (लूक १३). हा प्रसंगसुद्धा पडद्याला सहसा नको असतो.

७. मग्दालाच्या मरियेला आधी तिचं शुभवर्तमान परत द्या.

सिसिल डिमिलच्या १९२७ च्या 'द किंग ऑफ किंग्ज'ची सुरुवातच तिच्या विलासी महालाने होते. ती गणिका आहे, यहूदा तिचा प्रियकर, आणि तिच्या रथाला झेब्रे जुंपलेले. शुभवर्तमानात यातलं काही नाही. लूक सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि ती इतर स्त्रियांबरोबर स्वतःच्या पैशांतून येशू आणि शिष्यांचा खर्च चालवत होती. योहान सांगतो की पुनरुत्थित येशू सगळ्यांआधी तिला भेटला. लूकमधली निनावी पापी स्त्री आणि मग्दालाची मरीया एकच, हे पोप ग्रेगरी यांच्या ५९१ च्या प्रवचनाने पक्कं झालं आणि पडद्याने ते डोळे मिटून उचललं. 'जीझस ऑफ नाझरेथ'चा दिग्दर्शक झेफिरेल्ली यानेही तेच केलं. गिब्सनने तिला व्यभिचारात धरलेली स्त्री केलं, जिचं नाव योहान सांगतच नाही. १९६९ मध्ये रोमच्या पंचांगात ही गल्लत सुधारली गेली, २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला, आणि २०१८ च्या 'मेरी मॅग्डलिन'ने शेवटी ही माहिती पडद्यावरच लिहून दाखवली. स्वतःचे पैसे घालणारी, धोका पत्करून क्रूसापाशी उभी राहिलेली बाई दिग्दर्शकांना पुरेशी वाटू नये, याचा मला राग येतो.

८. चांगली भर मजकुरातूनच उगवते.

झेफिरेल्लीच्या मालिकेतला एक प्रसंग मी पुनःपुन्हा दाखवते. येशू जकातदार मत्तयच्या घरी जेवायला जातो. पेत्र संतापलेला आहे, कारण हाच मत्तय कोळ्यांकडून कर ओरबाडतो. तो आत यायला तयार नाही, दारातच थांबतो. आत येशू उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला लागतो. मत्तय स्वतःला धाकट्या मुलात ओळखतो. आणि दारातला पेत्र हळूहळू समजतो, की घरात न येणारा थोरला भाऊ म्हणजे मी.

हा प्रसंग असा कुठेच लिहिलेला नाही. पण लूकचा पंधरावा अध्याय सुरू कसा होतो? जकातदार आणि पापी येशूजवळ येतात, त्यावर कुरकुर होते, आणि त्या कुरकुरीला उत्तर म्हणून ही गोष्ट येते. झेफिरेल्लीने त्या कुरकुरीला पेत्राचा चेहरा दिला. मत्तय आणि पेत्र पुढे एकाच ताटात जेवले, हे तर शुभवर्तमानांच्या सांगण्यात गृहीतच आहे. तो समेट कसा झाला असेल ते त्याने दाखवलं. हा प्रसंग बघून मुलं पंधरावा अध्याय जास्त चांगला वाचतात. मी भर तपासते ती अशी: ती बघून माणूस पुस्तकाकडे परततो, की पुस्तकाची गरजच संपते?

'द चोझन'च्या दुसऱ्या पर्वातला तिसरा भाग असाच आहे. मत्तय ४:२४ हे एकच वचन, की लोकांनी सगळे आजारी येशूकडे आणले आणि त्याने ते बरे केले. त्या एका वाक्यावर अख्खा भाग उभा आहे. रांग न संपणारी. शिष्य विस्तवाभोवती बसून बोलतात, भांडतात. रात्री येशू परततो तो इतका थकलेला, की धड उभं राहवत नाही. आई त्याचे पाय धुते. विहिरीपाशी दमून बसलेला येशू योहानाने लिहिला आहे, वादळात होडीत झोपलेला मार्कने. ती दमणूक पडद्यावर इतक्या खरेपणाने मी त्याआधी पाहिली नव्हती. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेने हा भाग बघून मला सांगितलं, की बरं करण्याची काही किंमत शरीराला मोजावी लागते हे तिने पहिल्यांदाच येशूकडे बघून जाणलं.

९. आणि एक भर जी मला मान्य नाही.

त्याच मालिकेच्या चौथ्या पर्वात थोमाची वाग्दत्त वधू रामा रोमी अधिकाऱ्याच्या तलवारीने मरते. रामा हे पात्र पूर्णपणे कल्पित आहे. थोमा विनवतो, येशू तिला उठवत नाही. पुढे लाजराला उठवतो. उद्देश मला कळतो: थोमाच्या पुढच्या अविश्वासाला मुळं द्यायची, आणि ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही अशा प्रेक्षकांशी बोलायचं. पण पेत्राला बायको देणं वेगळं. त्याची सासू तापाने पडली होती असं मार्क लिहितो, म्हणजे बायको होतीच. इथे मात्र एका मेलेल्या मुलीपाशी उभं राहून येशूने नाही म्हटलं, असा प्रसंग कल्पनेने त्याच्या नावावर लिहिला गेला. शुभवर्तमानांत याईराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा, लाजर यांच्यापाशी तो उभा राहिला तेव्हा काय झालं ते लिहिलेलं आहे. त्याच्या तोंडी नकार घालायचा तर तेवढा आधार हवा. थोमाच्या शंकेला मुळं लागतच नाहीत, आपला गुरू क्रूसावर मेला हे कारण कुणालाही पुरेल.

१०. वस्तू तपासायला सोप्या असतात, म्हणून त्यांच्यात अडकून राहू नका.

१९८६ च्या दुष्काळात गालील सरोवराचं पाणी ओसरल्यावर पहिल्या शतकातली होडी सापडली, सुमारे सव्वाआठ मीटर लांब. चित्रपटातली होडी तिच्याशी ताडून बघता येते. कफर्णहूमची घरं काळ्या दगडाची होती, पडद्यावर ती बहुधा पांढरी-पिवळी असतात. दंड झालेला माणूस बहुतेक करून आडवा वासाच वाहत नेई, आणि झेफिरेल्लीने तसं दाखवलं आहे. यरुशलेमजवळ १९६८ मध्ये सापडलेल्या एका टाचेच्या हाडात खिळा तसाच होता. मुलांना हे फार आवडतं आणि मीही रंगून सांगते. पण होडी बरोबर असली म्हणजे येशू बरोबर असतोच असं नाही.

११. जो आधीच सांगतो, त्याला ऐकून घ्यावं. स्कॉर्सेसीच्या १९८८ च्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'वर जगभर निदर्शनं झाली, पण हा चित्रपट शुभवर्तमानांवर नाही, काझांटझाकिसच्या कादंबरीवर आहे, असं तो सुरुवातीलाच लिहून दाखवतो. सत्य घटना असल्याच्या थाटात भर घालणाऱ्यांपेक्षा मला हे सरळ वाटतं.

१२. कबरीच्या आत कुणी नव्हतं.

येशू नेमका कसा उठला, हे चौघांपैकी एकानेही वर्णिलेलं नाही. बायका आल्या तेव्हा ते होऊन गेलेलं होतं. मार्कची सर्वांत जुनी हस्तलिखितं तर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतात: त्या बायका कबरीपासून पळाल्या, थरथरत होत्या, भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत. पडद्याला इथे राहवत नाही. गिब्सनने कॅमेरा थेट कबरीत नेला, कापड खाली बसताना दाखवलं, हाताचं भोक दाखवलं. इतर कुणी प्रकाशझोत सोडतात, ढग फाडतात, गायकवृंद गातो. मला वाटतं, श्रद्धेचं सगळ्यात मोठं विधान शुभवर्तमानकारांनी ज्या संयमाने केलं तो संयम एखाद्या दिग्दर्शकाने एकदा तरी पाळून बघावा. त्या तीन बायकांबरोबर चालावं, त्यांना जेवढं दिसलं तेवढंच दाखवावं, आणि त्या पळतात तिथे थांबावं.

गिब्सन आता पुनरुत्थानावरच चित्रपट करतो आहे. मी तो बघणार, मुलंही बघणार. त्यांना मी आत्तापासूनच सांगून ठेवलं आहे, की तिकीट काढण्याआधी मार्कचा सोळावा अध्याय, पहिली आठ वचनं, घरात मोठ्याने वाचायची.